सुतक ऐकल्यापासून

परवा कोडोलीच्या रस्त्याला गुऱ्हाळाचा धूर दिसला. उसाच्या वाळल्या चिपाडांचा पांढुरका, जरा आळशी धूर. पाठोपाठ वास. काहिलीत रस उकळायला लागला की पहिल्यांदा तो वास हिरवा असतो, गवतासारखा. मग पिवळा होत जातो, आणि गूळ व्हायच्या बेतात आला की तपकिरी. वासाला रंग असतो हे मला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही, दिनूकाकांनी शिकवलं. दरवर्षी या वळणावर मी गाडी थांबवायला लावते. यंदा काच वर केली. शेजारी आमचे हे गाडी चालवत होते. त्यांनी त्यांच्या बाजूची काच माझ्या आधीच वर केली होती.

गेल्या वर्षी हा हंगाम सुरू झाला तेव्हा मी जहाजावर होते.

असं वाक्य आमच्या खानदानात आजवर कुणी उच्चारलेलं नाही. आमचा जलप्रवास म्हणजे कुरुंदवाडच्या बाजूला नावेत बसून नदी ओलांडायची, आणि तेवढ्यातही कुणीतरी चप्पल पाण्यात पाडायची. पण लेक जर्मनीत नोकरीला. तिनं आज्जीच्या पंचाहत्तरीला क्रूझची भेट दिली. आज्जीबरोबर कुणीतरी हवं. ह्यांचा कागलला वर्कशॉप, ऑर्डरी अडकलेल्या, त्यामुळं सुनेचा नंबर लागला. सासू-सून दहा दिवस एका खोलीत, आणि खाली समुद्र. शाळेतल्या मैत्रिणींनी मला निरोप दिला तो युद्धावर निघालेल्या माणसाला द्यावा तसा.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांनी निघताना नऊवारीवर नातीनं पाठवलेले पांढरे बूट घातले आणि अंगणात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. त्यांचा धाकटा दीर, म्हणजे आमचे दिनूकाका, कोडोलीहून मुद्दाम आले होते. म्हणाले, "वैनी, बूट काढू नगं. समुद्रात पडलीस तर तेवढंच वर दिसंल."

"तू गुऱ्हाळ बघ तुझं," आत्या म्हणाल्या. "गेल्या साली गूळ काळा पडलावता."

"ऊस तसा हुता."

"गुळव्या तसा हुता."

आत्या या घरात आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या आणि दिनूकाका सात. सासू अंथरुणाला खिळलेली. त्यामुळं दिराला अंघोळ घालणं, पाटी पुसून देणं, चिंचेच्या झाडावरून खाली उतरवणं हे सगळं नव्या नवरीनं केलं. स्वतःची पोरं पुढं झाली, पण पहिला तो. पासष्ट वर्षांच्या माणसाला त्या अजून "जेवलास का?" विचारायच्या आणि तो "व्हय" म्हणाला तरी वाढायच्या.

तर, जहाज. जहाजाविषयी मी फार बोलणार नाही. ते एक मोठं लग्नाचं कार्यालय होतं, फक्त नवरा-नवरी सापडत नव्हते आणि जेवण संपत नव्हतं. सातव्या दिवशी सकाळी ते डोंगरांच्या मधल्या अरुंद खाडीतून आत शिरलं आणि कोटोर नावाच्या गावासमोर उभं राहिलं. धक्क्यावरून उतरायचं, रस्ता ओलांडायचा, की समोर तटबंदीचा दरवाजा. आत सगळं जुनं गाव, आणि मागं उभ्या डोंगरावर चढत गेलेला तट. मी शाळेत इतिहास शिकवते. 'मध्ययुगीन युरोपातील नगरे' ही टीप मी वीस-बावीस वर्षं शिकवली, पुस्तकातल्या अर्ध्या पानाच्या जिवावर. त्या दिवशी त्या अर्ध्या पानात मी प्रत्यक्ष चालणार होते. आदल्या रात्री मी वहीत काय काय बघायचं ते लिहून ठेवलं होतं.

धक्क्यावर पाय ठेवला आणि फोनला रेंज आली. ह्यांचे नऊ फोन येऊन गेलेले. दहावा हातातच वाजला.

"आई शेजारी हाय?"

आत्या आमच्या ग्रुपमधल्या इचलकरंजीच्या चव्हाण जोडप्याशी बोलत होत्या, चार पावलं पुढं. मी म्हटलं, आहे.

"काका गेला."

पहाटे. गुऱ्हाळावर. हंगामातलं पहिलं आधण काहिलीत चढवलं, म्हणाले छातीत जळजळतंय, सोडा आण. सोडा येईपर्यंत संपलं. "दुपारी दोनला नेणार. आईला सांगू नको. बीपी हाय तिचं. तिथं काय झालं तर कोण हाय तुझ्या हाताशी? घरात आली की सांगू." मी मान हलवली. फोनवर मान हलवून काय उपयोग, हे त्या वेळी लक्षात आलं नाही. ते "हॅलो, हॅलो" करत राहिले आणि मी मान हलवत राहिले.

तिथले आठ वाजले होते. आपल्याकडं साडेअकरा.

आता हे लपवणं आमच्याकडं नवं नाही. आमच्या घराण्यात आजवर कुणी एकदम मेलेलं नाही. सगळे आधी 'सिरियस' होतात. "सिरियस आहे, निघ" असा निरोप आला की निघणाऱ्यानं पांढरी साडी पिशवीत टाकायची आणि तोंडानं "बरं वाटेल हो" म्हणायचं. दोन्हीकडच्यांना सगळं ठाऊक असतं. एक जण लपवतो, दुसरा लपवू देतो. मला पूर्वी यात माया दिसायची. अजूनही थोडी दिसते.

पण याच पद्धतीची एक गोष्ट आत्यांनी मला कितीदा तरी सांगितली होती, आणि नेमकी ती त्या दगडी दरवाज्यातून आत जाताना माझ्याबरोबर आत आली. आत्यांचे वडील कुरुंदवाडला गेले, तेव्हा कोडोलीच्या घरात त्यांना सांगितलं, "जरा पडून हायत, बघून ये." आत्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, वेणीत अबोली माळली, वडिलांना आवडतात म्हणून लाडू बांधून घेतले. सोबतीला अकरा वर्षांचा दिनू. हातकणंगले मागं पडल्यावर एसटीत तो हळूच म्हणाला, "वैनी, ती फुलं काढ. तुझा आबा मेलाय. मला सांगू नगं म्हटल्यात." आत्या शेवटी नेहमी एवढंच म्हणायच्या, "समद्या घरात तेवढा एकच माणूस निघाला. न्हायतर माझ्या आयशीम्होरं मी अबोली माळून उतरले असते."

ही गोष्ट मला पाठ होती. तरी मी सांगितलं नाही.

दुःख होत होतं म्हणावं तर तसंही नाही. दाढ काढायला डॉक्टर सुई देतात, मग आपलाच ओठ दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं अंग झालं होतं. दिसत मात्र सगळं होतं, नको तितकं स्पष्ट. गल्ल्यांमधले दगड इतके गुळगुळीत की कुणीतरी तेल लावून पुसल्यासारखे. हिरव्या खिडक्या. दोन घरांच्या मधे दोरीवर वाळत घातलेला एक निळा टॉवेल, एक पायमोजा, पुन्हा एक निळा टॉवेल. दुसरा पायमोजा कुठं असेल याचा मी बराच वेळ विचार केला. चौकात घड्याळाचा मनोरा होता आणि त्याच्यापुढं एक दगडी खांब. पूर्वी गुन्हेगाराला त्याच्यापाशी उभं करून सगळ्या गावानं बघायचं, अशी शिक्षा. गाईड सांगत होती आणि मी वहीत लिहून घेत होते. अजून ती वही आहे. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलंय.

चव्हाण म्हणाले, "मॅडम, आपल्या पन्हाळ्याचा तट यापेक्षा दांडगा हाय का न्हाय?"

"आहे ना."

"मग ह्यो बघायला एवढ्या लांब कशाला आलोय आपण?"

मी हसले. आवाजसुद्धा बरोबर आला. एका दुकानात मी फ्रिजला लावायची तीन मॅग्नेट घेतली, तटबंदीची. त्यातलं एक दिनूकाकांसाठी होतं. घेताना ठाऊक होतं की ते नाहीत, आणि तरीही हात 'तीन' असं दाखवून मोकळा झाला. हाताला अजून कुणी कळवलं नव्हतं.

त्या गावात मांजरं फार. पायरीवर मांजर, खुर्चीत मांजर, विहिरीच्या कठड्यावर मांजर. लोक त्यांना खाऊ घालतात, पाणी ठेवतात. आत्यांना काहीतरी दाखवत राहायचं म्हणून मी मांजरं दाखवायला लागले. "आत्या, हे बघा काळं. आत्या, ह्याचा कान फाटलाय." आत्या बघायच्या, "लई माजल्यात" म्हणायच्या आणि पुढं चालायच्या. त्यांचं लक्ष गल्लीच्या रुंदीकडं होतं.

"हितं उसाचा ट्रॅक्टर शिरायचा न्हाय," त्या म्हणाल्या.

"नाही शिरणार."

"दिनूला दाखवाय पायजे. फोटू काढ. त्यो मांजराचाबी काढ. आन् लगीच पाठीव, तेला म्हनावं आमी पोचलो."

मी फोटो काढला. आत्या माझ्या खांद्याशी येऊन पडद्याकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येतं, नावावरचा फोटोही ओळखता येतो. मी काकांच्या नावावर बोट ठेवलं आणि कान फाटलेल्या मांजराचा फोटो पाठवला. दोन खुणा उमटल्या, म्हणजे पोचला. पुढं घरी आल्यावर कळलं, काकांचा फोन सोप्यात खुर्चीवर ठेवला होता. माणसं जमली होती. फोन वाजला तेव्हा सगळे त्या फोनकडं बघत राहिले, आणि शेवटी ह्यांनी तो उचलून बंद केला. यावर आम्ही नवरा-बायको आजपर्यंत एक शब्द बोललेलो नाही.

आता त्या देवळांचं. आत्यांचा नियम साधा आहे : देव कुणाचाही असो, दारावरून तसं जायचं नाही. आदल्या सहा दिवसांत आम्ही गावोगावची चर्चं पालथी घातली होती. त्या हात जोडायला आणि मी छतावरची चित्रं बघायला. कोटोरात एका छोट्या चौकात एक जुनं, बुटकं, दगडी चर्च होतं. दार लहान, वाकून जायचं. माझ्या वहीत त्याच्यापुढं दोन रेघा मारलेल्या होत्या. आत्या वाकल्या, आत गेल्या. मी दारात थांबले.

थांबायचं असं ठरवलं नव्हतं. घरात मी सुतक-सोहेर न मानणारी म्हणून ओळखली जाते, त्यावरून नणंदांची बोलणीही खाल्लीत. माहेरी एकदा सुतकात पुरणपोळी खाऊन दाखवली होती, हट्टानं. आणि इथं, परक्या मुलखात, परक्या देवाच्या उंबऱ्यापुढं माझे पाय उभेच राहिले. डोक्याला अजून काही पोचलं नव्हतं, पायांना पोचलं होतं. घरातलं माणूस गेलंय, अजून अंगणात आहे, देवळात जायचं नाही.

"का गं?" आत्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"पाय दुखतोय."

पुढच्या चर्चलाही पाय दुखला. चव्हाणवहिनींनी सगळ्यांना आइस्क्रीम घेतलं, मी नको म्हटलं. दात. तिसरं चर्च मोठं होतं, दोन मनोऱ्यांचं. बाहेर पायऱ्या. मी पायरीखाली उभी राहिले आणि म्हटलं, "तुम्ही या जाऊन, मी इथं बसते."

आत्या दोन पायऱ्या चढल्या होत्या. तिथंच थांबल्या. वळल्या. हातातलं आइस्क्रीम संपत आलं होतं, ते त्यांनी तसंच धरलं.

"काल तीन देवळं हिंडलीस. आज तिन्ही दारांत अडलीस. गोड खात न्हाईस." त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. "पाळी तर तुझी कवाच गेली."

मी वाकून पाय चोळायला लागले.

"कोण गेलं?"

चौकात माणसं होती, तरी मला फक्त त्यांच्या हातावरून ओघळणारं आइस्क्रीम दिसत होतं.

"माझा ल्योक?"

"नाही, नाही आत्या! हे बरे आहेत. आत्ताच बोलले माझ्याशी."

त्यांनी श्वास सोडला. मग माझ्याकडं बघत राहिल्या. सकाळपासून मी सगळं आवाजात आणि हसण्यात लपवलं होतं. चेहऱ्याचं काय करायचं ते मला सुचलं नव्हतं.

"दिनू," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

मी मान हलवली. या वेळी समोर बघणारं माणूस होतं.

आत्या पायरीवर बसल्या. आधी आइस्क्रीमचा कागद नीट घडी केला, कमरेला खोचला. मग विचारलं, "कवा?"

"पहाटे. गुऱ्हाळावर. त्रास नाही झाला म्हणतात."

"तुला कवा कळलं?"

"उतरल्या उतरल्या."

"नेणार कवा?"

"दोनला."

"आता तिकडं किती वाजल्यात?"

मला साडेतीन तास मिळवता येईनात. गणित म्हणून येत होतं, पण तोंडातून निघेना. चव्हाण शेजारी येऊन उभे होते, त्यांना आमचं बोलणं कळलं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात म्हणाले, "अडीच वाजलं, मावशी."

"म्हंजे नेला."

वर डोंगरावर तट चढत गेलेला, त्यावर माणसं मुंग्यांसारखी. आत्या तिकडं बघत होत्या. मला वाटलं आता रडतील, मग वाटलं आता मला बोलतील, आणि खरं सांगते, मला त्यांचं बोलणं हवं होतं. चौकातला तो गुन्हेगाराचा खांबही चालला असता.

"अडीच तास हुतं," त्या म्हणाल्या. "फोनवर त्याचं तोंड दाखिवलं असतंस. मी म्हटलं असतं त्याला, जा. एवढंच." मग माझ्याकडं वळून, "तू मला मांजरं दाखवत हुतीस."

"ह्यांनी सांगितलं होतं, आत्या. तुमचं बीपी..."

"बीपी माझं हाय."

हे वाक्य गेलं वर्षभर माझ्या डोक्यात आहे. भांडी घासताना, पेपर तपासताना, कुठंही वर येतं. आपण माणसाला जपतो म्हणतो तेव्हा नक्की कुणाला जपत असतो? त्या सकाळी आत्या ट्रॅक्टरच्या गोष्टी करत दिराला फोटो पाठवत हिंडल्या, सुखात हिंडल्या, हे खरं आहे. त्यांच्यापुरता तो आणखी तीन तास जिवंत राहिला. पण ते तास मी दिले म्हणायचे की घेतले? पाच मार्कांचाही प्रश्न नाही हा.

आत्या उठल्या. "पानी कुठं हाय?"

मी पर्समधली पिण्याची बाटली काढली.

"प्यायला न्हवं. ऐकलं की अंघोळ करावी लागतीया."

मी म्हटलं, जहाज समोरच आहे, दहा मिनिटांत खोलीत जाऊ, गरम पाणी आहे. त्यांनी मान हलवली. सुतक ऐकल्यापासून लागतं, आणि ऐकलं त्या जागीच पाणी घ्यायचं. त्यांच्या सासूनं त्यांना तसं शिकवलं होतं. देवळात जाऊन आलं, आइस्क्रीम खाल्लं, त्याचा दोष नाही, ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. आता एक पाऊलसुद्धा तसं टाकायचं नाही.

मागच्या गल्लीत वळल्यावर लहानसा चौक होता. लोखंडी नक्षीच्या कठड्यात जुनी विहीर, आणि भिंतीला प्यायच्या पाण्याचा नळ. प्रवासी बाटल्या भरून घेत होते. आत्या रांगेत उभ्या राहिल्या. हे मला आजही नवल वाटतं. तशा स्थितीत ती बाई रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर त्यांनी पांढरे बूट काढले, बाजूला ठेवले, पदर कमरेला खोचला, बाटली भरली आणि नऊवारीसकट डोक्यावरून ओतली. एक. दोन. तीन. पांढरे केस कपाळाला चिकटले. दगडांवरून पाणी वाहत विहिरीच्या कठड्यापर्यंत गेलं आणि तिथं बसलेली दोन मांजरं उठून गेली.

समोरच्या कॉफीवाल्यानं काहीतरी ओरडून विचारलं. एका बाईनं फोन वर केला, फोटोसाठी. चव्हाण आडवे झाले. इचलकरंजीचा तो भक्कम माणूस दोन्ही हात पसरून आमच्यात आणि जगात उभा राहिला आणि त्याच्याजवळ होतं तेवढं सगळं इंग्रजी खर्च करून म्हणाला, "नो फोटो. ब्रदर डेड." फोन खाली गेला. कॉफीवाला आत गेला आणि एक टॉवेल घेऊन बाहेर आला. देऊ की नको, असा तो दारातच उभा राहिला.

मी भिंतीला टेकून होते. सकाळपासूनचं ते सुन्नपण अजून तसंच, अंगावर चढवलेलं दुसरं कातडं असावं तसं. आत्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि माझ्याकडं वळल्या.

"तू केलीस का, ऐकल्यावर?"

"काय?"

"अंघोळ."

मी ऐकल्यावर मॅग्नेट घेतली होती. मी मान हलवली, नाही.

त्यांनी बाटली नळाखाली धरली. भरेपर्यंत आम्ही दोघी त्या पाण्याकडं बघत होतो.

"वाक," त्या म्हणाल्या.

मी वाकले. पंजाबी ड्रेस, गळ्यात टूरचं ओळखपत्र, पर्स अजून खांद्याला. त्यांनी पर्स काढून चव्हाणांकडं दिली. एक हात माझ्या मानेवर ठेवला, लहान पोराला अंघोळ घालताना ठेवतात तसा, आणि बाटली उलटी केली. डोंगराचं पाणी ते. मानेतून पाठीत उतरलं तशी मी किंचाळले, चौकभर ऐकू जाईल अशी, आणि मग थांबताच येईना.

"ओरड," आत्या म्हणाल्या. "हितं कुणाला कळतंय." आणि दुसरी बाटली भरायला नळाकडं वळल्या.